पाळणा लागतो? जत्रेतल्या ब्रेकडान्सपासून थीम पार्कच्या रोलर कोस्टरपर्यंत मळमळ कशी आवरावी

लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत तीन वर्षांपूर्वी माझी भाची ब्रेकडान्स नावाच्या गरगर फिरणाऱ्या पाळण्यात बसली. वय नऊ. अर्ध्या तासापूर्वीच मिरची भजी आणि उसाचा रस झालेला. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला ती ओरडायला लागली. बाहेर उभे असलेले आम्ही सगळे तिला हात करत हसत होतो, कारण आतली सगळीच पोरं ओरडत होती. चालवणाऱ्याला वाटलं, पोरं खूश आहेत. त्याने वेग वाढवला आणि वर दोन फेऱ्या जास्तीच्या दिल्या. पाळणा थांबला तेव्हा पोरीचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता, वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब होते. "मावशी, मला कसंतरीच व्हायलंय," एवढं म्हणून कठड्याला धरायच्या आत तिने सगळं ओकून टाकलं.

घरी येताना कुणीतरी म्हणालं, "एवढी कशी गं भित्री तू!" ते बोलणं मला आजही टोचतं. पोर भ्यायली नव्हतीच. तिला पाळणा लागला होता, जशी कुणाला गाडी लागते. भीती वेगळी आणि मळमळ वेगळी. आकाशपाळण्याच्या टोकावर डोळे गच्च मिटून बसणाऱ्याला उलटी होईलच असं नाही, आणि उंचीला मुळीच न घाबरणारा गडी बसक्या कपबशीच्या पाळण्यातून उतरून आडवा होतो. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले. जे समजलं आणि जे करून पाहिलं, ते इथे क्रमाने लिहिते.

आधी कारण समजून घ्या

तोल सांभाळणारा आपला अवयव कानाच्या आतल्या भागात असतो. तिथे तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत आणि त्यांत द्रव भरलेला आहे. डोकं फिरलं की द्रव हलतो आणि "फिरतोय" अशी खबर मेंदूला जाते. दुसरी खबर डोळ्यांकडून येते, तिसरी स्नायू आणि सांध्यांकडून. चालताना या तिन्ही खबरा जुळतात. पाळण्यात त्या जुळत नाहीत, आणि या गोंधळातूनच मळमळ सुरू होते. तांब्यात पाणी घेऊन गरकन फिरवा आणि तांब्या एकदम थांबवा. पाणी फिरतच राहतं. पाळणा थांबल्यावरही जत्रेतले दिवे गरगरताना दिसतात, ते याच कारणाने.

दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही. दोन ते बारा या वयात तो सर्वांत जास्त. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त, पाळीच्या दिवसांत आणखी जास्त. ज्यांना अर्धशिशी आहे, त्यांनाही चटकन लागतं.

पहिली पायरी: आदली रात्र आणि प्रवास

आपल्याकडच्या माणसाचा थीम पार्क तिकिटाच्या खिडकीशी सुरू होत नाही, तो एसटी स्टँडवर सुरू होतो. नांदेडहून हैदराबादचं वंडरला गाठायचं तर साधारण २८० किलोमीटर. खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचं तर लातूर-बीडवाल्यांना पुणे ओलांडून खंडाळ्याचा घाट उतरायचा. शाळेची सहल पहाटे चारला निघते. मुलं आनंदाने रात्रभर झोपलेली नसतात, पोटात काही नसतं, आणि घाटात निम्मी बस पिशव्या शोधत असते. अशा पोराला पार्कात पोचल्याबरोबर रोलर कोस्टरमध्ये बसवलं तर दुसरं काय होणार?

म्हणून आदल्या रात्री झोप पुरी करा. बसमध्ये पुढच्या बाजूची किंवा दोन चाकांच्या मधली जागा घ्या. मागचं बाक सर्वांत जास्त आपटतं. खिडकी थोडी उघडी ठेवा, नजर लांब रस्त्यावर ठेवा, मोबाइल खिशात. कन्नडचा औट्रम घाट असो की मांजरसुंब्याचा, वळणं सुरू झाली की डोकं सीटला टेकवून स्थिर ठेवा. पेपरवर बसलं की उलटी होत नाही, असं आपल्याकडे ठामपणे सांगतात. त्याला आधार नाही. पेपर जवळ असू द्या, पण तो पुसायला कामी येईल म्हणून.

पोचल्यावर निदान अर्धा-पाऊण तास जमिनीवर फिरा. प्रवासाची मळमळ पोटात शिल्लक असताना कुठल्याच पाळण्यात बसू नये.

दुसरी पायरी: पोट

रिकामं पोट चालत नाही आणि भरगच्चही चालत नाही. बसायच्या दीड-दोन तास आधी कोरडं, हलकं आणि कमी तेलाचं खा. आपल्याकडची सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा उपमा, यासाठी मला फार आवडते, फक्त फोडणी बेताची हवी. दशमी चालते, फुटाणे चालतात, राजगिऱ्याचा लाडू चालतो. भजी, तर्री, वडापाव, आइस्क्रीम आणि गार पेय हे सगळं पाळणे संपल्यानंतरचं. जत्रेत हे पाळणं अवघड आहे, कारण भज्याची कढई नेमकी ब्रेकडान्सच्या शेजारीच उकळत असते. मी आता क्रमच उलटा केला आहे: देवदर्शन, मग पाळणे, आणि खाणं शेवटी. पाणी मात्र घोट-घोट पीत राहा. फेब्रुवारी उलटला की आपल्याकडे ऊन चढतं, आणि तापलेल्या अंगाला मळमळ लवकर गाठते. दुपारी रांगेत उभं राहण्यापेक्षा ऊन उतरल्यावर जावं.

तिसरी पायरी: गोळी घ्यायची तर

ज्यांना हमखास लागतं, त्यांच्यासाठी गोळ्या आहेत. आपल्याकडे सर्वांत ओळखीची अ‍ॅव्होमिन, म्हणजे प्रोमेथाझिन. ती मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. तास-दोन तास आधी पोटात जायला हवी. तिने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये, आणि दारूबरोबर तर मुळीच नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रोमेथाझिन देऊच नये, त्याने श्वासाला धोका होतो. मोठ्या मुलांसाठी मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवा. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनीही आधी विचारावं.

एक चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सांगते. घरात जुलाब-उलटीच्या वेळची ऑन्डान्सेट्रॉनची गोळी उरलेली असते, आणि "उलटीचीच तर आहे" म्हणून आपण तीच देतो. पण गाडी किंवा पाळणा लागण्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

आल्याने काहींना बरं वाटतं, काहींना वाटत नाही. अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. आलेपाकाची वडी तोंडात ठेवायला हरकत नाही. लिंबाच्या वासाचंही तसंच.

चौथी पायरी: कुठल्या पाळण्यात बसायचं ते ठरवा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि लोक हिचाच विचार करत नाहीत. पाळण्याची उंची किंवा वेग बघून ठरवू नका, तो फिरतो कसा ते बघा. पाच मिनिटं कठड्याशी उभं राहून एक पूर्ण खेळ पाहा.

ब्रेकडान्समध्ये खालचा पाट एका बाजूने फिरतो आणि त्यावरच्या गाड्या स्वतःभोवती वेगळ्या फिरतात. दुहेरी गरगर. कपबशीचंही तेच. टोराटोरामध्ये फिरता फिरता वर-खालीही होतं. ज्याला लागतं, त्याने हे तीन सुरुवातीला टाळावेत. कोलंबसची होडी साधी दिसते, पण साधारण पाच सेकंदांना एक हेलकावा या संथ लयीला माणूस सर्वांत जास्त आजारी पडतो, आणि मोठी होडी त्याच्या जवळपासच झुलते. त्यात बसायचंच असेल तर अगदी मधल्या बाकावर बसा. टोकाला झोका सर्वांत मोठा असतो.

रोलर कोस्टर त्या मानाने बऱ्याच जणांना सोपा जातो, कारण तो दोन-तीन मिनिटांत संपतो आणि पुढचं वळण दिसतं. इमॅजिकाच्या नायट्रो या कोस्टरमध्ये पायाखाली तळच नाही, त्यामुळे धडकी भरते, पण ती भीती. वंडरलाच्या रिकॉइलमध्ये मात्र गाडी आल्या वाटेने उलटी परत जाते. मागे जाताना पुढे काय येणार हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून लागणाऱ्यांना तो भाग जड जातो.

पडद्यासमोर हलणाऱ्या खुर्च्यांचे खेळ लोक "हे तर बसूनच बघायचं" म्हणून आजी-आजोबांसाठी निवडतात. तिथे उलटाच प्रकार होतो. डोळे म्हणतात उडतोय, आणि अंग जागच्या जागी. मळमळ वाटली की डोळे मिटून घ्या. तिथे हा उपाय लगेच लागू पडतो.

गरोदर बायका, हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, मिरगी, मान-पाठीचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, कानाचं इन्फेक्शन किंवा चक्कर येण्याचा आजार असेल तर जोराच्या पाळण्यांना नाहीच म्हणा.

पाचवी पायरी: बसण्यापूर्वी खूण ठरवा

आमच्या हातून झालेली चूक दुसऱ्या कुणाकडून होऊ नये, असं मनापासून वाटतं. पाळण्यात ओरडणं म्हणजे आनंदच, असं बाहेरच्याला वाटतं. म्हणून मुलाला खूण द्या: दोन्ही हात जोडून डोक्यावर, किंवा रुमाल हलवणं. त्यासाठी दांडा सोडावा लागणार असेल तर मान आडवी हलवणं. घरातलं एक माणूस चालवणाऱ्याच्या अगदी शेजारी उभं राहू द्या आणि त्याला आधीच सांगा, "दादा, पोरीला लागतं, मी सांगितलं की थांबवा." बहुतेक जण ऐकतात. जो ऐकून घेत नाही, त्याच्या पाळण्यात मूल बसवू नका.

जनरेटरचा धूर कुठल्या बाजूला जातोय तेही बघा. डिझेलच्या वासानेच अर्ध्यांना मळमळायला लागतं.

सहावी पायरी: बसल्यावर

डोकं मागे टेकवा आणि हलवू नका. फिरत असताना मान इकडे-तिकडे वळवली की कानातल्या नळ्यांना नवीनच दिशेची खबर मिळते आणि गरगर एकदम वाढते. शेजारच्याकडे वळून बोलणं, खाली बघून चप्पल शोधणं, मोबाइलवर शूटिंग, हे सगळं बंद.

नजर कुठे ठेवायची? इथे फुगडी आठवा. नागपंचमीला फुगडी खेळताना पोरी मागे झुकून एकमेकींच्या तोंडाकडे बघतात. समोरचा चेहरा आपल्याबरोबरच फिरत असतो, म्हणून तो स्थिर दिसतो. जी पोर आजूबाजूच्या भिंतींकडे बघते, ती आधी पडते. गोल फिरणाऱ्या पाळण्यात तसंच करा: समोरच्या लोखंडी दांड्याकडे किंवा समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघा, नाहीतर डोळे मिटा. आकाशपाळण्यात मात्र लांब क्षितिजाकडे बघावं. कोस्टरमध्ये रुळाच्या पुढच्या वळणाकडे.

श्वास संथ ठेवा, नाकाने घ्या, तोंडाने सोडा. घाबरून श्वास रोखून धरला तर त्रास वाढतो.

सातवी पायरी: शरीर आधी सांगतं, ते ऐका

उलटी सहसा अचानक होत नाही. आधी जांभया येतात. मग तोंडाला पाणी सुटतं, गार घाम फुटतो, चेहरा उतरतो, बडबडं पोर गप्प होतं. जांभईलाच थांबलात तर दहा मिनिटांत सगळं ठीक होतं. तोंडाला पाणी सुटेपर्यंत ताणलंत तर तास जातो. तिकीट काढलंय म्हणून पुढच्या रांगेत उभं राहू नका. दोन पाळण्यांच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटं सोडा.

उतरल्यावर लगेच चालू नका. सावलीत, वाऱ्याला बसा, डोकं कशाला तरी टेकवा, नजर एका खांबावर ठेवा. मानेला ओला रुमाल लावा. उलटी होत असेल तर होऊ द्या. नंतर चूळ भरून पाण्याचे किंवा ओआरएसचे छोटे घोट घ्या. चहा आणि गोड सरबत तासाभराने. उलट्या थांबतच नसतील, डोकं असह्य दुखत असेल, बोलणं अडखळत असेल, हातापायात जोर वाटत नसेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर तो पाळणा लागल्याचा प्रकार नाही. १०८ ला फोन करा.

सवय लावता येते

हे मला सर्वांत उशिरा कळलं. मेंदू शिकतो. थोडं, पुन्हा पुन्हा आणि मळमळ सुरू व्हायच्या आत थांबून सराव केला, तर बऱ्याच जणांचा त्रास कमी होतो. जोर लावून एकदाच "भीती मोडायला" बसवल्याने मात्र काही साधत नाही, उलट पुढच्या वेळी पाळणा बघूनच पोटात ढवळतं.

भाचीसाठी आम्ही अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधला, पंचमीला बांधतात तसा. पहिल्या आठवड्यात दहा झोके, मग वीस, मग थोडी फुगडी. जांभई आली की थांबायचं, हा एकच नियम. दोन-अडीच महिने हे चाललं.

यंदाच्या यात्रेत ती आकाशपाळण्यात दोनदा बसली, कोलंबसच्या मधल्या बाकावर एकदा. मग ब्रेकडान्सच्या रांगेत उभी राहिली. नंबर जवळ आल्यावर माझा हात धरून म्हणाली, "मावशी, मला जांभई यायलीय. आज नको, उद्या येऊ." मी दोन्ही तिकिटं मागच्या पोरांना दिली आणि आम्ही रेवड्या घ्यायला गेलो.