हार्ड डिस्क जोडली, पण दिसेना!

फोंड्याजवळच्या आमच्या गावच्या जत्रेतली नाटकं रेकॉर्ड करता करता डेस्कटॉपची जागा संपली. म्हणून ४ टीबीची हार्ड डिस्क आणली. जोडणं सोपं: प्लग काढला, कॅबिनेट उघडलं, डिस्क बसवून स्क्रू आवळले, साटा केबल (डेटा नेणारी) मदरबोर्डला, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डला, पॉवर केबल एसएमपीएसची (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा). (साटा केबल डिस्कबरोबर आलीच नाही; तिच्यापायी पणजीला आणखी एक फेरी.)

चालू केलं, तर डिस्क गायब. बायोसमध्येसुद्धा (विंडोजच्या आधी चालू होणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम) नाही. केबल बदलली, तेच. आमच्याकडे पावसात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तेव्हा मदरबोर्डवरचा केबल खोचायचा पोर्ट गंजला असणार असं ठरवून मी तासभर ब्रशने घासत बसलो. शेवटी मॅन्युअल उघडलं. त्यात बारीक अक्षरात होतं: एम.२ स्लॉटमध्ये (मदरबोर्डवरची चपटी खाच) एसएसडी, म्हणजे चिपवाली डिस्क, असेल तर साटाचा ५ नंबरचा पोर्ट बंद राहतो. माझी केबल नेमकी तिथेच! २ नंबरला लावली, बायोसने लगेच ओळखली.

विंडोजमध्ये तरीही दिसेना, पण ते साहजिकच. कोऱ्या डिस्कवर पार्टिशन, म्हणजे आखून दिलेला भाग, नसतं. विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन इनिशियलाइझ केली, म्हणजे वापरासाठी तयार केली. इथे पार्टिशनची नोंद ठेवायच्या दोन पद्धती विचारतात; त्यातली जीपीटीच निवडा, जुन्या एमबीआरमध्ये २ टीबीच्या पुढची जागा वाया जाते. मग पार्टिशन करून एनटीएफएस (विंडोजची फाइली ठेवायची पद्धत), क्विक फॉरमॅट. विंडोज ३.६३ टीबी दाखवतं, म्हणून दुकानदाराशी भांडू नका: कंपनी १००० ने मोजते, विंडोज १०२४ ने.