मोटर न्यूरॉन आजारात या चुका टाळा: घाईचं मानेचं ऑपरेशन आणि घरचा ऑक्सिजन

मोटर न्यूरॉन आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या मेंदू आणि मज्जारज्जूतल्या पेशी मरत जातात. पकड गेली, अंगठ्याच्या बुडाचं मांस झडलं, पण हात बधिर नाही, मुंग्याही नाहीत. अशा माणसाला नुसत्या एमआरआयवरून ‘मणक्यात गॅप आहे’ असं सांगितलं जातं आणि महिनेच्या महिने वाया जातात.

सोलापुरातल्या यंत्रमागावरच्या पन्नाशीच्या कामगाराचं उदाहरण घ्या. तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येईना. मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यामधली गादी थोडी सरकलेली दिसली, कर्ज काढून ऑपरेशन झालं. काही महिन्यांत दुसरा हात गेला, मग बोलणं जड झालं. रिपोर्ट खोटा नव्हता. पन्नाशीनंतर अशी गादी कित्येकांच्या एमआरआयमध्ये दिसते. पण त्या जागी दबते ती सहावी नस, आणि अंगठ्याच्या बुडाचे स्नायू चालतात मानेतली आठवी आणि छातीतली पहिली या नसांवर. दुखणं एकीकडे, चित्र दुसरीकडे. हे ताडून न पाहता ऑपरेशनची तारीख घेऊच नये.

तपासणीत घाई नको. शर्ट काढायला लावून चांगल्या उजेडात दोन मिनिटं नुसतं पाहावं: दंड, पाठ, मांड्यांचे स्नायू आपोआप फडफडतात का? जीभ तोंडातच सैल असताना पाहावी, कारण बाहेर काढलेली जीभ कोणाचीही थरथरते. मांस झडलेल्या हातातच रिफ्लेक्स (हातोडीच्या टोल्याने येणारा झटका) जोरदार असतील आणि हनुवटीवर हातोडीचा हलका टोला दिल्यावर जबडा उसळत असेल, तर मानेच्या वर काहीतरी बिघडलं आहे. मानेतली गादी जबडा उसळवू शकत नाही. ईएमजी, म्हणजे स्नायूत सुई घालून केलेली विजेची तपासणी, एकाच हाताची करून थांबू नका. जीभ, दोन्ही हात, छातीमागचे पाठीचे स्नायू आणि पाय, सगळीकडे सुई लावून घ्या.

उलटी चूकही, म्हणजे दुसऱ्याच दुखण्याला मोटर न्यूरॉन आजार म्हणणं, तितकीच वाईट. हातापायांच्या नसांमध्ये कंडक्शन ब्लॉक (नसेत मध्येच संदेश अडणं) सापडला तर तो बहुधा मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी हा नसांचा वेगळा आजार असतो, आणि तो इम्युनोग्लोब्युलिनने, म्हणजे शिरेतून दिलेल्या प्रतिपिंडांनी, सुधारतो. विशीच्या आसपासच्या मुलाचा एकच पंजा झडला असेल तर हिरायामा आजार आठवा, ज्यात मान वाकली की मज्जारज्जू दबतो. त्यासाठी मान पुढे वाकवून एमआरआय लागतो, सरळ मानेचा पुरत नाही. नुसते स्नायू उडतात आणि ताकद शाबूत आहे, अशा माणसाला मोटर न्यूरॉन आजाराचं नाव सांगून घाबरवू नका.

मोटर न्यूरॉन आजारावरची गोळी म्हणजे रिलुझोल, 50 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी. पहिले तीन महिने दर महिन्याला लिव्हरची तपासणी. ‘गुण येत नाही’ म्हणून गोळी सोडू नका. ती वेग कमी करते, गेलेली ताकद आणत नाही. स्टेम सेलसाठी शेत विकू नका. 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार या आजारात ते मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देता येत नाही. आणि घाम निथळेपर्यंत व्यायाम करून घेणं बंद करा.

आता ऑक्सिजन. सकाळी डोकं दुखतं, उताणं झोपवत नाही, दिवसा डुलकी लागते. घरचे बोटाला यंत्र लावतात, आकडा जरा कमी दिसला की ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्याने आणतात. इथे फुप्फुस चांगलं असतं, थकलेलं असतं ते श्वासपटल, म्हणजे छातीखालचा श्वासाचा स्नायू. हवा पुरेशी आत-बाहेर होत नाही म्हणून कार्बन डायऑक्साइड साठतो. नुसत्या ऑक्सिजनने आकडा सुधारतो, साठलेला वायू तसाच राहतो किंवा वाढतो, आणि माणूस गुंगीत जातो. इथे लागतो बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, तोही श्वास चुकला तर स्वतः श्वास देणारा. दर तीन महिन्यांनी एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोराने किती हवा बाहेर टाकता येते, अपेक्षित आकड्याच्या टक्क्यांत) बसून आणि झोपून मोजा. 80 टक्क्यांखाली आणि सोबत लक्षणं असतील तर बायपॅपची बोलणी सुरू करा. 50 ची वाट पाहू नका. मशीनआधी इन्व्हर्टर घ्या, मे महिन्यात वीज गेली की रात्रच अडते.

पोटातली पेग नळीही (थेट जठरात अन्न देणारी) एफव्हीसी 50 च्या वर असतानाच बसवून घ्यावी. ‘तोंडाने जातंय ना अजून’ म्हणून थांबतात आणि भूल देणं धोक्याचं होऊन बसतं. वजन दर आठवड्याला लिहा. मूळ वजनाच्या दहा टक्के घटलं की नळीचं ठरवा.

तोवर ताट बदला. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बंद, तिचा भुगा घशात पसरतो. मऊ भाकरी दाट आमटीत पूर्ण भिजवून कुस्करा. पातळ पाणी सगळ्यात आधी ठसका लावतं, ते घट्ट करून द्या. गिळताना मान मागे टाकून घोट घ्यायला लावू नका. हनुवटी छातीकडे, एका वेळी एकच चमचा, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तरी बसवून ठेवा.