फिंचच्या मेंदूतली गाणं ओळखणारी पेशी: नव्याने येणाऱ्यांसाठी

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी तीन आठवडे एकाच जागी अडकले होते. झेब्रा फिंच या छोट्या गाणाऱ्या पक्ष्याच्या मेंदूत एचव्हीसी नावाचं केंद्र असतं. पक्ष्याला त्याचं स्वतःचं गाणं ऐकवलं की तिथल्या पेशी जोरात पेटतात, असं वाचून आले होते. इथे मात्र गुंगी दिलेल्या पक्ष्यासमोर गाणं वाजत होतं आणि स्पीकरवर पेशीच्या विद्युत संकेतांची तुरळक टकटक तेवढी ऐकू येत होती. संकेत टिपणारी बारीक तार, म्हणजे इलेक्ट्रोड, बदलला, जागा बदलली, काही फरक नाही. शेवटी गाण्याचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, उघडला, तर तिसरा तुकडाच निराळा! फाईल शेजारच्या पिंजऱ्यातल्या नराची होती. योग्य गाणं लावलं आणि फोडणीत मोहरी तडतडावी तसा स्पीकर तडतडला.

म्हणून सांगते, इलेक्ट्रोडला हात लावण्याआधी महिनाभर फक्त गाणी रेकॉर्ड करा. गातो तो नरच. साधारण ९० दिवसांचा झाला की त्याचं गाणं पक्कं होतं. त्याला एकट्याला आवाजबंद पेटीत ठेवा आणि गाण्याचे तुकडे डोळ्यांनी ओळखता येईपर्यंत स्पेक्ट्रोग्राम बघत राहा. प्राणीशास्त्रातून येत असाल तर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडी शिकून घ्या, पुरतं.

मग उलटं गाणं. तीच फाईल शेवटाकडून वाजवायची. लांबी तीच, जोर तोच, कंप्रता त्याच, उलटतो फक्त काळ. तरीही पेशी जवळजवळ गप्प होते. हे पहिल्यांदा पाहिलं त्या रात्री मला झोप आली नाही. संशोधक डॅनियल मार्गोलियाश यांनी १९८३ साली पांढऱ्या मुकुटाच्या चिमणीत, व्हाइट-क्राउन्ड स्पॅरोमध्ये, अशा पेशींचं सविस्तर वर्णन केलं होतं. उलट्या गाण्याची तुलना नसेल, तर पेशी गाणं ओळखते की नुसता आवाज ऐकते, हे ठरवता येत नाही. बापाचं गाणंही ऐकवा. मुलगा ते त्याच्याकडूनच शिकलेला असतो, तरी बऱ्याच पेशींचा कल स्वतःच्या गाण्याकडेच असतो.

पक्षी जागा आहे, झोपलाय की गुंगीत आहे, हे लिहायला विसरू नका. जाग्या झेब्रा फिंचमध्ये एचव्हीसीचा प्रतिसाद फार मंदावतो, झोपेत परत येतो. माझ्या नोंदवहीत आता प्रत्येक ओळीत पक्ष्याची अवस्था असते, आणि प्रत्येक फाईलच्या नावात त्याच्या पायातल्या कड्याचा नंबर.