मोठ्या पोकेमॉन स्पर्धेसाठी डेक निवडताना या चुका टाळा

मोठी पोकेमॉन कार्ड स्पर्धा जवळ आली की नवी पोरं एकच विचारतात, "दादा, सध्या सगळ्यात भारी डेक कुठला?" डेक म्हणजे खेळायला नेतो तो ६० कार्डांचा गठ्ठा. पण या प्रश्नाला उपयोगी उत्तर नाही. समोर कुठले डेक येणार आणि तुझा हात कशावर बसलाय, हे आधी सांग. मग बोलू.

शुक्रवारी रात्री डेक बदलणं

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता राग येतो. आमच्याकडे खेळायला येणारा कॉलेजातला एक मुलगा कित्येक महिने चॅरिझार्ड ईएक्स या पोकेमॉनभोवती बांधलेला डेक खेळत होता, आणि छान खेळत होता. स्पर्धेच्या आदल्या रात्री त्याने कुठेतरी जिंकलेली गार्डेव्हॉर ईएक्स या दुसऱ्या डेकची कार्डयादी पाहिली, मित्रांकडून कार्डं मागून आणली आणि सकाळी तोच डेक घेऊन बसला.

गार्डेव्हॉर वाईट डेक नाही, उलट फार ताकदीचा आहे. पण त्यात डिस्कार्डमधून (वापरून टाकलेल्या कार्डांच्या ढिगातून) एनर्जी, म्हणजे हल्ल्याला लागणारं कार्ड, जोडायची तर प्रत्येक एनर्जीमागे त्या पोकेमॉनवर नुकसान मोजणारे २ डॅमेज काउंटर बसतात. म्हणजे दर टर्नला (पाळीला) हिशोब करायचा: किती जोडू, हा पोकेमॉन मार खाऊन उरेल का, हल्ला पुरेल का. सराव असलेला खेळाडू हे काही सेकंदांत करतो. आमचा मुलगा बोटं मोजत होता. डेकमध्ये पहिल्यांदा शोधताना ६ प्राइझमध्ये (डावाच्या सुरुवातीला पालथी बाजूला ठेवलेली कार्डं) काय अडकलंय हे ताडायचं असतं. तिथेच त्याची मिनिटं जात होती.

स्विस फेरीत (हरलं तरी बाद न होता गुण जमवायची फेरी) तीनपैकी दोन डाव जिंकायला ५० मिनिटं मिळतात, वेळ संपल्यावर ३ टर्न. १-१ असताना तिसरा डाव अर्धवट राहिला की सामना बरोबरीत. त्याच्या तीन फेऱ्या अशाच गेल्या. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. तीन बरोबऱ्या मिळून एका विजयाइतकीच कमाई! तो हरला नव्हता, पण दुपारपर्यंत स्पर्धेतून बाहेर पडल्यासारखाच होता.

मी आधीच्या रविवारी डेक ठरवतो. त्यानंतर फार तर एखाद-दोन कार्डं बदलतो, डेक नाही. सरावाला घड्याळ लावतो. तीन डाव ५० मिनिटांत बसत नसतील, तर तो डेक कितीही बलवान असो, माझ्यासाठी नाही.

विजेत्याची यादी घ्यायची, विचार सोडून द्यायचा

२०२४च्या होनोलुलूतल्या जागतिक स्पर्धेत चिलीच्या फर्नांडो सिफुएन्तेसने आयर्न थॉर्न्स ईएक्सचा डेक घेऊन मास्टर्स हा सर्वांत वरचा वयोगट जिंकला. हे कार्ड ॲक्टिव्ह जागी, म्हणजे पुढे लढायला, असेपर्यंत 'फ्यूचर' शिक्क्याची कार्डं सोडून बाकीच्या रूल बॉक्सवाल्या (कार्डावर खास नियमाची चौकट असलेल्या, जसे ईएक्स) पोकेमॉनच्या ॲबिलिटी, म्हणजे हल्ल्याव्यतिरिक्तच्या खास शक्ती, बंद पडतात. समोरचे बहुतेक जण ईएक्ससारख्या रूल बॉक्सवाल्या पोकेमॉनच्या ॲबिलिटींवर विसंबून असतील, तेव्हा असा डेक गळा आवळतो. समोर पाडल्यावर एकच प्राइझ देणारे, रूल बॉक्स नसलेले साधे पोकेमॉन आले, तर त्याच कार्डाची धार बोथट होते. त्याचं यश त्या मैदानासाठी होतं. तुमच्या मैदानात कोण येणार, हे अलीकडच्या स्पर्धांचे निकाल पाहून कागदावर मांडा. पहिल्या चार-पाच डेकांपुढे तुमचा डेक कसा खेळतो, हे प्रत्यक्ष खेळून बघा. नुसत्या चर्चेवर माझा विश्वास नाही.

चौथी प्रत काढून "एक मस्त कार्ड" घालणं

६० कार्डांच्या डेकमध्ये एखाद्या कार्डाच्या ४ प्रती असतील, तर सुरुवातीच्या ७ कार्डांत निदान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. ३ प्रती ठेवल्या की ती साडेएकतीसवर येते. आणि ते एकुलतं मस्त कार्ड? दहापैकी एका डावात ते प्राइझमध्येच पडून असतं. यादी उचललीच असेल, तर आधी जशीच्या तशी भरपूर खेळा. ते चौथं कार्ड तिथे का आहे, ते मग कळतं. धीर नसलेल्यांना हे पटत नाही, आणि तेच पुढे "हात खराब आला" म्हणत नशिबाला दोष देतात.

बाकीच्या, थोडक्यात

महाग डेक म्हणजे चांगला डेक नव्हे.

कार्डाच्या कोपऱ्यातलं रेग्युलेशनचं अक्षर बघा, कार्ड स्पर्धेत चालेल का ते त्यावरून कळतं. ११ एप्रिल २०२५पासून एफ अक्षराची कार्डं स्टँडर्डमधून (फक्त अलीकडची कार्डं चालणाऱ्या खेळप्रकारातून) गेली. जुनी यादी उचलाल तर अशी कार्डं तुमच्या डेकमध्ये येतील. तेच कार्ड नव्या अक्षराने पुन्हा छापलं असेल, तर जुनी प्रतही चालते, ते तपासा.

नवा सेट दुकानात आला म्हणजे त्याच दिवशी स्पर्धेत चालतो, असं धरू नका.

स्लीव्ह (कार्डांची प्लास्टिकची कव्हरं) सगळ्या एकाच पाकिटातल्या आणि नव्या घ्या. कोपरा दुमडलेली एक स्लीव्ह दिसली तरी परीक्षक बोलावतात.

डेकलिस्ट (डेकमधल्या कार्डांची यादी) आयोजकांना देण्याआधी खरी कार्डं टेबलावर मांडून एकेक मोजा, आणि हे काम मित्राकडून पुन्हा करून घ्या. ५९ कार्डांची यादी दिली, तर डाव गमावण्याची शिक्षा होऊ शकते.