पावती, फाइल, एन.ओ.सी.: बार कौन्सिलची नोटीस येते ती इथून

केस हरली म्हणून कुणाची सनद (वकिलीचा परवाना) जात नाही. चुकलेला अंदाज किंवा नुसता निष्काळजीपणा म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच सांगितलं आहे. त्यामागे हेतूत खोट असावी लागते. वकील अडकतो तो बहुधा कागद नसल्यामुळे. पैसे घेतले पण पावती नाही, फाइल दिली पण पोच नाही, केस सोडली पण कोर्टाला कळवलं नाही.

मुंबईत बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा देऊन ती पदवी लावणारे आजही आहेत. पण अॅटर्नींचा (म्हणजे सॉलिसिटरांचा) वेगळा वर्ग १९७६च्या दुरुस्तीने संपला. त्यामुळे फोर्टातला सॉलिसिटर असो की तालुका कोर्टातला नवा वकील, अॅडव्होकेट्स अॅक्ट, १९६१च्या कलम ३५खाली दोघांचीही तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा या वकिलांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेकडेच जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या १४ मे २०२४च्या निकालानंतर वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही. म्हणून चिडलेला पक्षकार आता ग्राहक आयोगात जाण्याऐवजी कौन्सिलचा रस्ता धरतो.

पैसे घेताना

पैसे हातात पडले की ते फीचे की खर्चाचे, हे तिथल्या तिथे लिहा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांना हेच अपेक्षित आहे. खर्चासाठी घेतलेली रक्कम पक्षकाराच्या लेखी संमतीशिवाय मध्येच फीकडे वळवता येत नाही. पावती अशी असावी: 'दिवाणी दाव्यासाठी एकूण रु. २०,००० मिळाले; पैकी फी रु. १२,०००, खर्चापोटी रु. ८,०००.' खाली तारीख आणि दोघांच्या सह्या. मग वहीत त्या पक्षकाराचं स्वतंत्र पान: कोर्ट फी ५,४३०, नकला आणि झेरॉक्स ८६०, शिल्लक १,७१०. पक्षकाराने हिशोब मागितला तर त्याची प्रत द्यावीच लागते. वही रोजची असेल तर पाच मिनिटांचं काम, नसेल तर दोन वर्षांपूर्वीचे स्टॅम्प आठवत बसायचं.

चूक नेमकी होते ती ऑनलाइन पैशात. रक्कम खात्यावर आली, मेसेज आला, म्हणून पावती राहून जाते. पण बँकेचा उतारा रक्कम दाखवतो, कारण दाखवत नाही. आणि तक्रारीत वाद रकमेवर क्वचितच असतो, तो असतो कारणावर. शिवाय शिल्लक पैसे स्वतःकडे उसने म्हणून ठेवायची सोय नियमात नाही, पक्षकाराने हो म्हटलं तरी नाही. दाव्यासाठी पक्षकाराला आपण पैसे उसने देणंही बंद.

टक्केवारीची फी

अपघात भरपाई आणि भूसंपादनाच्या कामात 'आत्ता काही देऊ नका, मिळतील त्यातले इतके टक्के' हा रिवाज सगळ्यांना ठाऊक आहे. निकालावर अवलंबून फी ठरवायला नियमाने मनाई आहे आणि ते गैरवर्तन आहे. एवढंच नाही, अशी फी वसूलही होत नाही. तेलंगणातल्या एका अपघात भरपाईत फीपोटी घेतलेला चेक न वटल्यावर वकिलाने चेक न वटण्याच्या गुन्ह्याच्या कलम १३८खाली खटला भरला; २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. पक्षकाराकडे खरंच पैसे नसतील तर फी टप्प्यांत बांधा: दाखल करताना इतकी, पुरावा सुरू झाल्यावर इतकी, युक्तिवादाला इतकी. उशिरा देण्याची सवलत द्या, रक्कम मात्र आकड्यात लिहा.

फाइल आणि एन.ओ.सी.

फी बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही. भोपाळच्या एका सहकारी बँकेच्या वकिलाने ९७,१०० रुपये बाकी दाखवून फाइली रोखल्या होत्या. बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्याला १८ महिने प्रॅक्टिस बंदी केली. २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ताकिदीवर आणली, तीही मुद्दा तोवर स्पष्ट नव्हता म्हणून. आता तो स्पष्ट आहे. फाइल द्या, बाकीसाठी नोटीस पाठवा, दिवाणी दावा करा.

फाइल देताना कागदांची यादी करा, मूळ आणि झेरॉक्स वेगळे लिहा, यादीवर पक्षकाराची सही आणि तारीख घ्या. मूळ खरेदीखत किंवा सातबाऱ्याचा जुना उतारा हरवल्याचा आरोप फार वाईट. एका सहीने तो टळतो.

नुसती फाइल दिल्याने सुटका होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३, नियम ४प्रमाणे कोर्टाच्या परवानगीने लेखी मागे घेईपर्यंत वकीलपत्र चालूच राहतं. पक्षकाराला पुरेशी आधी लेखी नोटीस द्या, तिच्या पोचेसह अर्ज करा, न केलेल्या कामाची फी परत करा, आणि परवानगीचा आदेश रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) उतरला की नाही ते स्वतः पाहा. एकतर्फी हुकूम होतो तो याच फटीत: जुना वकील म्हणतो मी सोडलं, नवा म्हणतो मला मिळालं नव्हतं. उलट बाजूने, दुसऱ्याचं वकीलपत्र असलेल्या केसमध्ये आपण शिरताना त्याची लेखी संमती, म्हणजे एन.ओ.सी., हवी; तो देत नसेल तर कारण सांगून कोर्टाकडे अर्ज. 'तो एन.ओ.सी. देत नाही' म्हणून कामच अडलं, असं समजायचं कारण नाही.

नोटीस आलीच तर

पाकीट जपून ठेवा, त्यावर मिळाल्याची तारीख टाका. तक्रार रीतसर सही आणि सत्यापन केलेली आहे का ते आधी बघा. ती मराठीतही चालते. उत्तर परिच्छेदवार द्या. तक्रारदार किती खोटारडा आहे यावर दोन पानं खर्चणारे वकील पावती जोडायला विसरतात. वकीलपत्र, पावत्या, वहीचं ते पान, रोजनाम्याची प्रमाणित नक्कल हे जोडा. व्हॉट्सअॅपचे मेसेज द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्रही लागेल. पक्षकाराची गुपितं मात्र आरोपाला उत्तर देण्यापुरतीच उघड करा.

तक्रारदार समोरच्या बाजूचा असेल तर तो मुद्दा सुरुवातीलाच घ्या. सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच कौन्सिलच्या प्रकरणांत सांगितलं की व्यावसायिक गैरवर्तनाच्या तक्रारीला साधारणपणे तक्रारदार आणि वकील यांच्यात पक्षकार-वकिलाचं नातं लागतं. प्रतिज्ञापत्रावर आपल्या पक्षकाराची ओळख पटवायला सही केली एवढ्यावरून विरोधी पक्षाने वकिलाला ओढायचं नाही.

पक्षकाराशी तडजोड झाली तर चांगलंच, पण तेवढ्यावर चौकशी बंद होत नाही. तक्रार मागे घेतली तरी कौन्सिलची शिस्तपालन समिती ती चालवू शकते. समिती तिघांची असते आणि साक्षीदार बोलावण्यासारख्या कामांत तिला दिवाणी कोर्टाचे अधिकार असतात. तारीख चुकवू नका. वर्षभरात निकाल लागला नाही तर कलम ३६बप्रमाणे प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. म्हणजे वेळ काढून ते मिटत नाही, फक्त दिल्लीला जातं.

शिक्षा ताकीद, निलंबन किंवा वकिलांच्या यादीतून नाव काढणं यांपैकी एक. निलंबनाच्या काळात देशातल्या कुठल्याच कोर्टात उभं राहता येत नाही. आदेश कळवल्यापासून ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, तिथून पुढे ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात. अपील दाखल झालं म्हणून आदेश थांबत नाही. कलम ४०खाली स्थगितीचा अर्ज वेगळा लागतो, तो अपिलासोबतच द्या.