२१४७४८३६४७ मूळ आहे का? तपासताना या चुका टाळा

२ चा ३१ वा घात, त्यातून १ वजा: २१४७४८३६४७. ही मूळ संख्या आहे, हे गणितज्ञ लेओनार्ड ऑयलरने १७७२ मध्येच दाखवून दिलं. माझ्या जावा प्रोग्रामने मात्र ती बराच वेळ दळण दळून 'मूळ नाही' म्हणून सांगितली.

प्रोग्राम शाळेतल्या रीतीचाच होता. २ पासून एकेका संख्येने भागत जायचं, भाजकाचा वर्ग तपासायच्या आकड्याच्या पुढे गेला की थांबायचं. म्हणजे ४६३४० नंतर काम संपायला हवं. गोम अशी की, जावाच्या 'इंट' या पूर्णांकांच्या प्रकारात मावणारी सर्वांत मोठी संख्या नेमकी हीच आहे. ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१ येतो, तो मावत नाही आणि उलटून ऋण होतो. ऋण म्हणजे लहानच, मग लूप कशाला थांबतोय! फिरत फिरत भाजक २१४७४८३६४७ वर पोचतो, संख्येला तिनेच भागतो, बाकी शून्य. उपाय सोपा: वर्ग करूच नका, 'भाजक ≤ संख्या ÷ भाजक' अशी अट घाला. किंवा 'लाँग' हा जास्त मोठ्या पूर्णांकांचा प्रकार वापरा.

ऑयलरने असली हमाली केलीच नव्हती. या संख्येला मूळ भाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ च उरणार, हे त्याने आधी ओळखलं. माझा प्रोग्राम ४ ने आणि ६ नेही भागत बसला होता.

एक्सेलवर तर अशी तपासणी नकोच. २ चा ६१ वा घात वजा १ म्हणजे २३०५८४३००९२१३६९३९५१, मूळ संख्या. एक्सेल १५ अंकांपुढे शून्यं भरतं, आणि शेवटी शून्य दिसल्यावर १० ने भाग जातो असं कोणालाही वाटेल.

२ चा घात वजा १ करताना घातांक मूळ म्हणून उत्तरही मूळ, हा समज फार पसरलेला. ११ घ्या: २०४७ = २३ × ८९. फ्रेंच गणितज्ञ मर्सेनने १६४४ मध्ये ६७ हा घातांक उत्तर मूळ देणाऱ्यांच्या आपल्या यादीत घातला होता, तोही चुकीचाच निघाला.

फर्माच्या चाचणीत एक पाया घ्यायचा, त्याचा 'संख्या वजा १' वा घात करून संख्येने भागायचं, बाकी १ आली की पास. याच २०४७ वर ती पाया २ घेऊन लावली, तर संख्या बिनधास्त पास होते. होणारच, २ चा ११ वा घात इथे १ बाकी देतो आणि २०४६ ला ११ ने भाग जातो. घातांक मूळ असला की या जातीची प्रत्येक संख्या पाया २ ला अशीच फसवते. पाया ३ घेतलात तर २०४७ लगेच पकडली जाते.

पक्का निकाल हवा तर याच जातीच्या संख्यांसाठीची ल्युका-लेमर चाचणी. ४ पासून सुरुवात, दर वेळी वर्ग करून २ वजा, मग तपासायच्या संख्येने भागून बाकी; शेवटी ० आलं तर संख्या मूळ. इथे फेऱ्या मोजण्यात घोळ होतो: घातांकातून २ वजा, तेवढ्याच. प्रोग्राम आधी ३१ या संख्येवर चालवा, म्हणजे २ चा ५ वा घात वजा १, घातांक ५. तीन फेऱ्यांत ४, १४, ८, ० असं यायला हवं.