साउंडबारचा आवाज मध्येच जातो? नवा घेण्याआधी या चुका टाळा

गोव्यात म्हापशाच्या आसपास टीव्ही आणि साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, बसवायचं काम मी बरीच वर्षं करतोय. पावसाळा लागला की एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात: "भाऊ, चित्र झकास येतंय, पण आवाज मधूनमधून जातो." फोन करण्याआधी माणसाने चार सेटिंगं फिरवलेली असतात, केबल बदललेली असते, कधीकधी टीव्ही रीसेटही केलेला असतो. मला राग येतो तो याचाच. सगळं एकदम बदललं की दोष कुठे होता ते कधीच कळत नाही, आणि महिन्याभरात तो परत हजर होतो.

चित्र येतंय म्हणजे केबल ठीक आहे, असं समजणं

सगळ्यांत जास्त पैसे या समजुतीने खाल्लेत. टीव्हीतलंच एखादं अ‍ॅप बघताना चित्र साउंडबारच्या केबलीतून जातच नाही. तिच्यातून जातो फक्त आवाज, टीव्हीकडून बारकडे. ही एचडीएमआय केबल; तिच्या प्लगात १९ पिना असतात आणि एआरसीचा, म्हणजे टीव्हीकडून बारकडे उलटा आवाज पाठवायच्या सोयीचा, आवाज त्यातल्या १४ नंबरच्या पिनेवर चालतो. तेवढी एक जागा सैल झाली की चित्र जसंच्या तसं राहतं आणि आवाज गुल.

गेल्या चवथीच्या चार दिवस आधी मांद्र्याला एका घरी गेलो. हॉलमध्ये दोन साउंडबार. एक टीव्हीखाली, दुसरा खोक्यासकट सोफ्यामागे. मुलगा जहाजावर. आजींना रोज संध्याकाळी कीर्तन लागतं, आणि दर पाच-दहा मिनिटांनी आवाज दोन सेकंद जायचा. अभंगाचा अर्धा चरण ऐकू यायचा, अर्धा जायचा. मुलाने तिकडून दुसरा बार मागवून दिला. तरी तेच. घरातल्या काकी म्हणाल्या, "आता दुकानवाले टीव्ही बदला म्हणतात."

मी टीव्ही भिंतीवरून उतरवला. चिऱ्याच्या भिंतीला अगदी चिकटून बसवलेला, आणि एचडीएमआयचं भोक थेट पाठीमागे. त्यामुळे प्लग भिंत आणि टीव्ही यांच्यामध्ये दाबून तिरका झाला होता. काढून बॅटरीखाली धरला तर तोंडाशी हिरवट थर. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, खारा वारा खिडकीतून सरळ आत येतो. बारचा बेस लागला की टेबल थरथरायचं, केबल हलायची आणि तिरका प्लग क्षणभर सुटायचा. नवा बार आला, पण केबल तीच आणि जागाही तीच.

वीज बंद करून टीव्हीचं भोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसलं, पूर्ण सुकू दिलं, काटकोनी तोंडाची दीड मीटरची नवी केबल लावली आणि ब्रॅकेट चार बोटं पुढे घेतलं. आजींसमोर तासभर कीर्तन लावून बसलो. एकदाही तुटलं नाही. तेव्हापासून मी बसवलेल्या प्रत्येक केबलीवर कागदी टेप लावून तारीख लिहितो, आणि किनाऱ्यावरच्या घरांत दर पावसाळ्यानंतर प्लग काढून बघायला सांगतो. खोबरेल तेल किंवा दारातल्या बिजागरीला मारायचा स्प्रे तिथे कृपा करून मारू नका.

वायर नको म्हणून ब्लूटूथ

नवशिक्यांचा हा आवडता शॉर्टकट, आणि मला तो अजिबात पटत नाही. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. घरातल्या वायफायचा एक पट्टाही तोच, मायक्रोवेव्हची गळतीही तिथेच. त्यात राउटर टीव्हीच्या मागेच ठेवलेला. मग आवाज तुटतो, आणि तुटला नाही तरी ओठ आधी हलतात नि शब्द मागून येतात. वायर लावायची सोय असेल तर वायरच लावा. नसेलच, तर राउटर दोन-तीन मीटर लांब सरकवा आणि टीव्हीचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर टाका. वायरलेस सबवूफरचंही, म्हणजे बेसच्या वेगळ्या डब्याचंही, तसंच. तो कपाटामागे कोंबू नका, बारपासून सरळ दिसेल असा ठेवा.

जाहिरात लागली की आवाज जातो, आणि दोष बारला

कार्यक्रम डॉल्बीत, म्हणजे अनेक स्पीकरांसाठीच्या आवाजात, जाहिरात साध्या दोन चॅनलच्या स्टीरिओत. स्वरूप बदललं की बारला नवा सिग्नल पकडायला एखाददुसरा सेकंद लागतो. टीव्हीच्या, आणि सेटटॉप बॉक्स असेल तर त्याच्याही, ध्वनी सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'ऑटो'वरून 'पीसीएम'वर, म्हणजे न दाबलेल्या साध्या आवाजावर, आणून एक संध्याकाळ बघा. थांबलं तर कारण सापडलं. एआरसीवर पीसीएम म्हणजे फक्त दोन चॅनल, त्यामुळे मोठ्या बारच्या मालकांना सराउंड मिळणार नाही. साध्या २.१ बारवर (दोन चॅनल आणि एक सबवूफर) मी ते तसंच ठेवतो, माझ्या कानाला फरक जाणवत नाही. २०१७ च्या एचडीएमआय २.१ सोबत आलेलं ई-एआरसी, म्हणजे जास्त जड आवाज नेणारं एआरसी, चालू असेल तर ते बंद करून साध्या एआरसीवरही एकदा तपासा. जड आवाज जुन्या केबलीला झेपत नाही, हे तिथे लगेच कळतं.

रिमोटने बंद-चालू करून 'रीस्टार्ट केलं' म्हणणं

रिमोटने बंद केलेला टीव्ही नुसता झोपलेला असतो. वीज जाऊन आल्यावर टीव्ही आणि बार यांची ओळख बिघडली असेल तर दोघांचेही प्लग भिंतीतून काढा, पाच मिनिटं थांबा, आधी टीव्ही आणि मग बार चालू करा. लोकांना पाच मिनिटंही धीर नसतो, दहा सेकंदांत परत लावतात.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. केबल एआरसी लिहिलेल्या भोकातच हवी, शेजारच्या नको. सीईसी, म्हणजे टीव्ही आणि बार यांनी केबलीतून एकमेकांना हुकूम द्यायची सोय, बंद असेल तर बऱ्याच टीव्हींवर एआरसी चालतच नाही. सॅमसंगमध्ये त्याला एनीनेट म्हणतात, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशातून आवाज नेणाऱ्या, केबलीच्या टोकाची प्लास्टिकची टोपी काढायची असते, आणि ती केबल कोपऱ्यात करकचून मुडपायची नसते. रात्री हळू आवाजात बार आपोआप बंद होत असेल तर त्याचं ऑटो स्टँडबाय बघा.

मला बोलवण्याआधी तीन दिवस एका कागदावर टिपून ठेवा: आवाज किती वाजता गेला, कुठल्या चॅनलवर की अ‍ॅपवर, किती सेकंद, आणि त्या वेळी बारचा दिवा चालू होता की नाही. मांद्र्याच्या काकींनी आता फ्रिजवर असा कागद चिकटवलाय. गेल्या महिन्यात त्यांच्या जावेकडे आवाज जायला लागला, तेव्हा दिवा प्रत्येक वेळी विझत होता असं त्यांनी फोनवरच सांगितलं. बारचा अडॅप्टर एक्स्टेंशन बोर्डात सैल बसला होता. मला जावंच लागलं नाही.